लाईट गेली : बिघाड की हल्ला?

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पहिला वादळी पाऊसही येतो. २०२५ साली दारव्ह्यात असाच एका दुपारी वारा सुटला, वर्गातला पंखा चार फेरे घेऊन थांबला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, लाईन हॅक झाली वाटते!’’ वर्ग खळखळून हसला. मी विचारले, ‘‘तुला कसं समजलं?’’ तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. म्हणाला, ‘‘मग नाही झाली, हे तुम्हाले कसं समजलं?’’

प्रश्न बिनतोड होता. दारव्ह्यात लाईट जाणे ही बातमी नव्हे. तारेवर फांदी पडते, चिमणीवर पाणी पडून ती तडकते, कधी खार किंवा सरडा दोन तारांमध्ये सापडतो. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, एक मजकूर मोबाइलवरून फिरत होता : सायबर हल्ल्याने भारताचे ७० टक्के विद्युतजाल बंद पाडले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे लगेच जाहीर केले. मजकूर खोटा होता, पण असे होऊच शकत नाही का? आणि खरोखर झाले तर ते ओळखायचे कसे? देशाच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांनाही आज हाच प्रश्न सर्वांत अवघड जातो. त्यासाठी आधी वीज आपल्यापर्यंत कशी येते ते पाहू या.

एका तालावर चालणारे जाल

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजून सोपे झालेले नाही. धान्याचे कोठार असते तसे विजेचे नाही. जेवढी वीज ज्या क्षणी वापरली जाते, जवळजवळ तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हे वर्गात दाखवायला सायकलचा जुना डायनामो पुरेसा आहे. सायकल स्टँडवर उभी करा, डायनामो चाकाला टेकवा आणि एका मुलाला पायडल मारायला सांगा. दिवा काढून घेतला की चाक हलके होऊन भरकन फिरते, दिवा जोडला की जड होते. मुलाने जोर वाढवला नाही तर वेग पडतो.

देशभरातली जनित्रे हेच करतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते ती यामुळे. मागणी वाढली आणि पुरवठा तेवढा वाढला नाही, तर हा वेग किंचित कमी होतो. मागणी अचानक घटली तर वाढतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाल उरलेल्या भारताला जोडले गेले. तेव्हापासून दारव्ह्याच्या शेतातला पंप आणि मदुराईच्या घरातला पंखा एकाच तालावर चालतात. याचा फायदा मोठा : एकीकडे तूट आली तर दुसरीकडून वीज घेता येते. तोटाही त्यातच आहे. एका ठिकाणचा धक्का दूरवर पोहोचू शकतो.

हा ताल सांभाळतात ती भार प्रेषण केंद्रे. देशाचे एक केंद्र दिल्लीला, त्याखाली पाच प्रादेशिक केंद्रे आणि त्याखाली राज्यांची. महाराष्ट्राचे केंद्र ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोलीला आहे, आणि विदर्भाच्या बाजूचे काम पाहणारे केंद्र नागपूरला अंबाझरीत. तिथले अभियंते पडद्यावर उपकेंद्रांची स्थिती पाहतात, कोणाला किती वीज द्यायची ते ठरवतात आणि गरज पडल्यास दुरूनच एखादी वाहिनी जोडण्या-तोडण्याची आज्ञा देतात. दुरून देखरेख व नियंत्रण करण्याच्या या संगणकीय व्यवस्थेला ‘स्काडा’ म्हणतात. उपकेंद्रात बसवलेली एक पेटी मोजमापे वर पाठवते आणि वरून आलेली आज्ञा खाली पोहोचवते.

हे काम किती नाजूक आहे ते ५ एप्रिल २०२० रोजी दिसले. करोनाच्या टाळेबंदीत रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली आणि पुन्हा चढली. जाल डगमगले नाही, कारण अभियंत्यांना आधी कल्पना होती आणि झटपट कमी-जास्त करता येणारी जलविद्युत केंद्रे त्यांनी तयार ठेवली होती. हीच घसरण न सांगता झाली असती तर?

आता हल्लेखोराचा डाव लक्षात येईल. त्याला बॉम्ब टाकून मनोरे पाडायची गरज नाही. खऱ्या अभियंत्याच्या नावाने खोटी आज्ञा त्या पेटीपर्यंत पोहोचवता आली तरी पुरे. पेटीला माणूस दिसत नाही, आज्ञा तेवढी दिसते.

१२ ऑक्टोबर २०२०

त्या सोमवारी सकाळी १० च्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऐन करोनाच्या लाटेत रुग्णालये जनित्रांवर चालवावी लागली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. काही भागांत दोनेक तासांत वीज आली, पण सगळे सुरळीत व्हायला रात्र झाली.

तांत्रिक बाजू अशी. मुंबई आपल्या गरजेपैकी मोठा भाग बाहेरून, ४०० किलोव्होल्टच्या मोजक्या वाहिन्यांनी आणते. त्यांतल्या महत्त्वाच्या वाहिन्या भिवंडीजवळच्या पडघ्याहून कळव्याला येतात. (चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटर वाहून नेणारी एकदिश दाबाची वाहिनी याच पडघ्याला संपते. मुंबईचा दिवा आणि आपला कोळसा यांचे नाते असे जवळचे आहे.) त्या दिवशी यांपैकी काही वाहिन्या आधीच बंद होत्या. दहाच्या सुमारास आणखी एक सुटली, तिचा भार उरलेल्यांवर पडला, त्या अतिभाराने सुटल्या, आणि काही मिनिटांत शहर अंधारात गेले. अशा वेळी मुंबईला बाकीच्या जालापासून तोडून, तिच्या स्वतःच्या वीजकेंद्रांवर एखाद्या बेटासारखे चालू ठेवण्याची योजना पूर्वीपासून आहे. या वेळी ते बेट टिकले नाही.

एवढ्यावर ही बिघाडाची गोष्ट झाली असती. पण चारच महिन्यांपूर्वी, १५ जून २०२० रोजी, गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान हुतात्मा झाले होते. राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घातपाताची शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चीनशी संबंध असावा असा एक गट, ज्याला कंपनीने ‘रेडएको’ असे नाव दिले, भारताच्या वीज क्षेत्रातल्या १० संस्थांच्या संगणकजालांत शिरल्याच्या खुणा सापडल्या, असे त्यात होते. पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे त्या यादीत होती. वापरलेल्या घुसखोर प्रणालीचे नाव ‘शॅडोपॅड’. मुंबईच्या अंधाराशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्य फारच थोड्या मथळ्यांत उतरले.

दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ‘महाराष्ट्र सायबर’चा प्राथमिक अहवाल जाहीर केला. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ‘ट्रोजन’ शिरवले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी आणि काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून आत शिरण्याचे प्रयत्न झाले, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर लगेचच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्यामुळे नव्हे. उत्तर व दक्षिण विभागाच्या केंद्रांवर सायबर हल्ले झाले हे त्यांनी मान्य केले. मात्र घुसखोर प्रणाली प्रत्यक्ष नियंत्रणाच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचली नाही आणि तिच्यामागे चीन आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असेही सांगितले. चीनने आरोप फेटाळले.

‘ट्रोजन’ म्हणजे काय? आपल्याकडे सांगायचे तर शाइस्ताखानाच्या छाप्याची गोष्ट आठवावी. १६६३ साली शिवाजी महाराजांची माणसे लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून पुण्यात शिरली, असे सांगितले जाते. वेशीवर पहारा होता, पण वऱ्हाडाला कोण अडवणार? तसेच एखाद्या निरुपद्रवी फाइलच्या सोबतीने आत शिरणारी आणि वेळ येईपर्यंत गप्प बसणारी आज्ञावली म्हणजे ट्रोजन.

आता एक राज्याचा मंत्री आणि एक केंद्राचा मंत्री, यांत खरे कोण? घाईने बाजू घेण्याआधी दोघांची विधाने शेजारी ठेवून पाहिली, तर ती पूर्णपणे परस्परविरोधी नाहीत असे दिसते. मांजर घरात शिरले होते हे खरे असू शकते, दूध सांडले हे तर सगळ्यांनी पाहिले. पण ते मांजरानेच सांडले हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. ८ जीबी हा आकडाही नुसता काही सांगत नाही. चांगल्या प्रतीचे दोन-तीन चित्रपट तेवढी जागा घेतात. ती माहिती कोणत्या संगणकात गेली, तिने कोणती आज्ञा दिली आणि त्या आज्ञेची वेळ वाहिनी सुटण्याच्या वेळेशी जुळते का, हे कळले तरच कार्यकारणभाव जोडता येतो. विज्ञानाच्या तासाला आपण दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण नव्हे असे शिकवतो, तेच इथे लागू पडते.

मग वीज बंद करायची नव्हती तर शिरायचे कशाला? पेरणी आणि कापणी यांत जसे अंतर असते तसेच इथेही असते. शांततेच्या काळात आत शिरून जागा धरून ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा वापरायची, किंवा ‘आम्ही आत आहोत’ एवढे समोरच्याला कळू द्यायचे, हेही दबावाचे साधन आहे. माझ्या मते २०२० च्या प्रकरणातला चिंतेचा भाग मुंबईचा अंधार नाही. दिवे लागलेले असताना आत कोणी बसलेले असणे हा आहे.

हल्ला झाला तेव्हा

खरा हल्ला कसा दिसतो? त्याचे नीट नोंदलेले उदाहरण युक्रेनचे आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी तिथल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या कर्मचाऱ्यांना पडद्यावरचा बाण आपोआप हलताना दिसला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो एकेक उपकेंद्र बंद करत गेला. तीन कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोर कित्येक महिने आधी एका साध्या ई-मेलच्या जोडपत्रातून कार्यालयाच्या संगणकांत शिरले होते. तिथून त्यांनी पासवर्ड गोळा केले आणि नियंत्रणाच्या जालात उडी घेतली. त्याच वेळी तक्रार केंद्राच्या दूरध्वनीवर खोट्या कॉलचा भडिमार केला. एस. टी. स्टँडच्या चौकशी खिडकीवर शंभर रिकामटेकडे रांगेत उभे केले तर खऱ्या प्रवाशाचा नंबर लागणार नाही, तसे. जाताजाता उपकेंद्रांतल्या संदेश पोहोचवणाऱ्या पेट्याही त्यांनी निकामी केल्या.

आणि तरी एक ते सहा तासांत वीज परत आली. कशी? कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांत गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने जोडले. तिथली यंत्रणा जुनी होती, हाताने चालवता येत होती आणि ती चालवणारी माणसे अजून नोकरीत होती. सगळे स्वयंचलित झाले की प्रगती झाली, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सायबर संरक्षणात लोखंडी दांड्यालाही जागा आहे.

कार्यालयाचे जाल आणि यंत्रे चालवणारे जाल वेगळे ठेवणे हा संरक्षणाचा पहिला नियम याच अनुभवातून पक्का झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या बाबतीत तो उपयोगी पडला. तिथे प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घुसखोर प्रणाली सापडली, पण तो संगणक अणुभट्टीच्या अंतर्गत जालाला जोडलेला नसल्याने वीजकेंद्राला बाधा झाली नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने जाहीर केले. वेगळेपणाही अभेद्य नसतो. इराणच्या नतांझ इथल्या युरेनियम शुद्धीकरण केंद्राची यंत्रे इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी २०१० साली उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ तिथे पोहोचलाच. तो पेन ड्राइव्हवरून पसरत होता. युडायसची माहिती भरायला सायबर कॅफेतून शाळेत आणि शाळेतून घरी तोच पेन ड्राइव्ह फिरवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

नोंदवहीचे महत्त्व

भारतात या कामाची वाटणी अशी आहे. संगणकावरील हल्ल्यांची खबर घेणारी व सूचना देणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था जानेवारी २००४ पासून काम करते. वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक यांसारख्या, बंद पडल्यास देशाचे कंबरडे मोडेल अशा व्यवस्थांच्या रक्षणासाठी जानेवारी २०१४ मध्ये वेगळे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तिन्ही सेनादलांची मिळून सायबर एजन्सी २०१९ मध्ये उभी राहिली. शॅडोपॅडबद्दल वीज क्षेत्राला पहिला इशारा सर्ट-इननेच १९ नोव्हेंबर २०२० रोजी दिला होता, म्हणजे परदेशी अहवालाच्या तीन महिने आधी. जुलै २०२० मध्ये आयात केलेल्या वीज उपकरणांची घुसखोर प्रणालीसाठी तपासणी सक्तीची झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी स्वतंत्र सायबर नियमावली आली.

यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक नीरस दिसणारा नियम. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इनने सांगितले की सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवली पाहिजे आणि संगणकाच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवल्या पाहिजेत. कोण आत आले, कोठून, किती वाजता, काय केले, याची संगणक आपोआप नोंद ठेवतो, शाळेच्या हजेरीपटासारखी. ती पुसली गेली किंवा घड्याळेच जुळत नसली, तर मांजर आणि दूध यांची जोड लावता येत नाही आणि मंत्र्यांच्या विधानांवरच भिस्त ठेवावी लागते.

हल्लेखोरही शांत बसलेले नाहीत. लडाखजवळच्या वीज केंद्रांवरचे दोन प्रयत्न फसल्याचे केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. मे २०२५ मध्ये ‘महाराष्ट्र सायबर’ने, पहलगामच्या हल्ल्यानंतर देशातल्या संकेतस्थळांवर १५ लाखांहून अधिक हल्ले झाले, त्यांतले १५० यशस्वी ठरले, असे जाहीर केले. हे आकडे जपून वाचावेत. चोराने गल्लीतल्या प्रत्येक घराची कडी हलवून पाहिली तर तेवढे ‘प्रयत्न’ मोजले जातात, म्हणून १५ लाखांनी घाबरू नये. आणि १५० घरांची दारे उघडी सापडली, म्हणून निर्धास्तही होऊ नये. त्यांतले एक कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ होते. त्याचे मुखपृष्ठ बदलून टाकले गेले. सैन्याचे मुख्यालय नव्हे, एक नगरपरिषद. दारव्ह्यालाही नगरपरिषद आहे.

आता त्या ७० टक्क्यांकडे येऊ. वर्गात आम्ही हिशेब मांडला. भारताची तोवरची विक्रमी मागणी ३० मे २०२४ रोजी २,५०,००० मेगावॅट होती. मागणी त्याहून बरीच कमी, म्हणजे १,८०,००० मेगावॅट धरली तरी तिचे ७० टक्के म्हणजे सव्वा लाख मेगावॅट. नऊ मिनिटांच्या त्या प्रसंगाच्या चौपट धक्का, तोही न सांगता. एवढी मागणी तुटली तर वारंवारता झपाट्याने चढेल आणि जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी सुटत जातील. एवढे उत्पादन तुटले तर ती कोसळेल. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, कोणताही शत्रू नसताना, उत्तर भारतातली आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येतलीही वीज गेली होती. सुमारे ६० कोटी लोक अंधारात होते, शेकडो गाड्या रुळांवर थांबल्या, खाणीत कामगार अडकले. ते कोणाला लपवता आले नाही. मे २०२५ मध्ये मुंबईच्या लोकल धावत होत्या, आणि हा निरोपही चालू मोबाइल टॉवरवरूनच आपल्यापर्यंत येत होता.

मागच्या बाकावरच्या मुलाने यावर एकच शंका काढली. ‘‘सर, टॉवरले बॅटरी असते.’’ खरे आहे, काही तास चालते. मग आणखी कोणती खूण पाहायची यावर वर्ग कामाला लागला : रेल्वे स्टेशनवर फोन, नागपूरच्या मावशीला फोन, उपकेंद्रातल्या माणसाला विचारणे. शेवटचे सर्वांत जवळचे होते. सुटीत दोघे जण सायकलने जाऊन आले. तारेवर कडुनिंबाची फांदी होती. वायरमन ती तोडत होता.